सॉर्बिट्रेट आणि "ती" गोळी: चाळिशीच्या पुढच्यांनी वाचाच (आणि घरच्यांनीसुद्धा)

मल्हारगंजकर

मंडळी, विषय अवघड आहे पण टाळून चालणार नाही म्हणून धागा काढतोय. आपल्या इंदूरात कुठल्याही गल्लीतल्या मेडिकलवर सिल्डेनाफिल नाहीतर टॅडालाफिल, म्हणजे व्हायग्राच्या जातीची गोळी, चिठ्ठीशिवाय मिळून जाते. कायद्याने ती शेड्यूल एच मधली आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची, पण कोण विचारतंय. आणि दुसरीकडे दर थंडीत व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरतो, की पाकिटात कायम या गोळ्या ठेवा, हार्ट अटॅक आला तर जीव वाचेल. त्यात ॲस्पिरिन असते आणि सॉर्बिट्रेट असते, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची नायट्रेट जातीची गोळी. आमच्या मॉर्निंग वॉकवाल्यांत बऱ्याच जणांच्या खिशात ती पुडी आहे. आता व्हायग्राच्या जातीची ती आणि ही सॉर्बिट्रेट, दोन्ही एकाच माणसाच्या पोटात गेल्या तर काय होतं हे फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून लिहून राहिलो.

सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांच्या आत आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तासांच्या आत सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट दिलं तर बीपी एकदम कोसळू शकतं. चक्कर वगैरे नाही, सरळ बेशुद्धी, आणि आधीच हृदयाला रक्त कमी पडत असेल तर त्यातून जीव जाऊ शकतो.

आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांवर हा प्रसंग आलाच होता. त्यांनी स्वतः सांगितलं की लिही, फक्त नाव टाकू नकोस. रात्री छातीत दडपण आलं, डावा खांदा दुखायला लागला, मुलगा आणि सून गाडीत घालून कॅज्युअल्टीत घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी लावता लावता विचारलं, "काका, कुठल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी बीपीची सांगितली, शुगरची सांगितली आणि गप्प बसले. पलंगाशी सून उभी होती, काय बोलणार! नर्सच्या हातातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये जिभेखालची गोळी काढून ठेवलेली. त्या डॉक्टर मुलीने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मुलाला फाइल बनवायला काउंटरवर पिटाळलं, सुनेला म्हणाली ताई जरा पाण्याची बाटली आणा, पडदा ओढला आणि हळूच विचारलं, "काका, काल-परवा ताकदीची कुठली गोळी घेतलीय? फक्त मान हलवा, मी कुणाला सांगणार नाही." त्यांनी मान हलवली. ट्रेमधली गोळी तशीच परत गेली, दुसरी औषधं दिली, पहाटे अँजिओप्लास्टी झाली. आज माणूस आपल्यात आहे.

पण प्रत्येक कॅज्युअल्टीत पडदा ओढून विचारणारं कुणी भेटेलच असं नाही ना. आणि घरीच शेजाऱ्याने खिशातली सॉर्बिट्रेट काढून तोंडात कोंबली तर विचारण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्यात डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी नीट समजावून सांगावं ही विनंती.

जुनं_इंदूर

विषय महत्त्वाचा असेल पण इथे लेकीसुना वाचतात, असले विषय डॉक्टरच्या केबिनमध्येच बरे. माझं मत.

सुदामानगरची_ताई

जुनं_इंदूर काका, राग नका मानू पण लेकीसुनांनीच वाचायला हवा हा धागा. रात्री दोन वाजता माणसाला गाडीत घालून नेणारं कोण असतं? आम्हीच. गोळ्यांची पिशवी कुठे आहे, कुठली सकाळची, कुठली रात्रीची, सगळं आम्हाला पाठ असतं आणि नेमकी हीच एक गोळी शर्टाच्या वरच्या खिशात नाहीतर स्कूटरच्या डिक्कीत. मल्हारगंजकर दादा, फार चांगलं केलंत. माझाही अनुभव आहे, जरा सवडीने लिहिते.

पलासियाचा_डॉक्टर

मी हृदयरोगावरच काम करतो म्हणून लिहितो. मल्हारगंजकरांनी २४ आणि ४८ तासांचं जे लिहिलंय ते अगदी बरोबर.

का होतं ते सांगतो. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. ते सैल पडायला शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्याच्यामुळे पुढे सायक्लिक जीएमपी नावाचा पदार्थ बनतो, आणि तो वाढला की वाहिनी सैल होऊन रुंद होते. काम झाल्यावर पीडीई-५ नावाचं एन्झाइम त्याला मोडून टाकतं. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, वार्डेनाफिल, अवानाफिल ही सगळी त्या एन्झाइमला अडवतात. लिंगात हे एन्झाइम भरपूर असतं म्हणून तिथे परिणाम जास्त. सॉर्बिट्रेट काय करते, तर शरीरात जाऊन सरळ नायट्रिक ऑक्साइडच पुरवते. म्हणजे एकाने नळ पूर्ण सोडला आणि त्याच वेळी दुसऱ्याने मोरीत बोळा कोंबला, मग न्हाणीघर भरणारच. सगळ्या अंगातल्या वाहिन्या एकदम सैल पडतात आणि रक्त पुढे ढकलायला दाबच राहत नाही.

वेळेचा फरक का, तर सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण साधारण ४ तासांत निम्म्यावर येतं, टॅडालाफिलला त्याच कामाला साडेसतरा तास लागतात. वय जास्त असेल, लिव्हर-किडनी कमजोर असेल तर आणखी जास्त. "काल रात्री घेतली होती, आता उतरली असेल" हा हिशोब टॅडालाफिलला लागू होत नाही.

नायट्रेट म्हणजे फक्त सॉर्बिट्रेट समजू नका. जिभेखालची नायट्रोग्लिसरिन, तोंडात मारायचा स्प्रे, छातीला चिकटवायचा पॅच, रोजची आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट, सगळं त्यातच येतं. निकोरंडिल नावाची गोळी आपल्याकडे अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्या, पेशंटना खूप दिली जाते, तीही अर्धी नायट्रेटच आहे, तिच्याबरोबरही चालत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लोक घाबरून बसतील. ज्याचं हृदय ठीक आहे आणि जो नायट्रेट घेत नाही त्याला या गोळीने हार्ट अटॅक येतो असं नाही. एकट्या सिल्डेनाफिलने वरचं बीपी साधारण ८ ते १० ने उतरतं, बहुतेकांना ते कळतही नाही. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी हे नेहमीचे त्रास. सिल्डेनाफिलने कधी कधी सगळं निळसर दिसतं, टॅडालाफिलने पाठ धरते. ताठरता ४ तासांच्या वर टिकली, किंवा नजर नाहीतर ऐकणं अचानक गेलं, तर मात्र लगेच हॉस्पिटल, लाजत बसायचं नाही.

विजयनगर_२६

डॉक्टरसाहेब माझं वय २६ आहे, काही आजार नाही, जिमला जातो. लग्न ठरलंय. मित्रांनी सांगितलं की आधी घेऊन ठेवली की टेन्शन राहत नाही, तर दोन-चार वेळा घेतलीय १०० मिलिग्रॅमची. काही प्रॉब्लेम होईल का पुढे? घरात कुणाशी बोलू शकत नाही म्हणून इथे विचारतोय.

पलासियाचा_डॉक्टर

विजयनगर, विचारलंस ते उत्तम केलंस. सकाळी उठताना ताठरता येते का, एकटा असताना येते का? येत असेल तर नसा-वाहिन्या ठीक आहेत असं धरायला हरकत नाही, गोष्ट भीतीची आहे. ती तुझ्या वयात बहुतेकांना असते. गोळीने इच्छा वाढत नाही आणि इच्छा नसेल तर गोळी काही करतही नाही, ती फक्त रक्त येण्याची वाट मोकळी करते. दर वेळी घेत राहिलास तर गोळीशिवाय जमणारच नाही असं मनात पक्कं बसेल, माझ्याकडे येणाऱ्या तरुणांचा खरा त्रास तोच आहे. आणि १०० ने सुरुवात कुणी करत नाही रे. सुरुवात साधारण ५० ने, पासष्टीच्या वर किंवा काही विशिष्ट औषधं चालू असतील तर २५ ने. पार्टीत दारूबरोबर घेणं तर नकोच, दारूनेही बीपी उतरतं आणि ताठरताही जाते. एकदा बीपी, शुगर तपासून घे. आणि गुटखा खात असशील तर आजपासून बंद, तंबाखूने याच बारीक वाहिन्यांची वाट लागते.

मेडिकलवाला_इंदूर

माझं मेडिकल आहे, जागा सांगत नाही. दवा बाजारातून माल येतो तो सगळीकडे सारखाच. ग्राहक कसा येतो ते सांगतो. आधी लांब उभा राहतो, दुकान रिकामं व्हायची वाट बघतो, मग येऊन क्रोसिन मागतो, आणि जाता जाता "भिया, वो भी दो दे देना". मराठी माणूससुद्धा या गोळीसाठी हिंदीतच बोलतो. नाव घेत नाही, कुठली हवी ते सांगत नाही. दुकानदार कात्रीने दोन गोळ्या कापून कागदात गुंडाळून देतो. आता बघा, स्ट्रिप कापली की नाव एका तुकड्यावर राहतं, एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर, हातात येते ती नुसती चंदेरी चौकट. त्याने सिल्डेनाफिल खाल्ली की टॅडालाफिल हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. डॉक्टरांनी २४ तास आणि ४८ तास सांगितलं, पण कुठली गोळी तेच ठाऊक नसेल तर कॅज्युअल्टीत सांगणार काय?

म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय, चिठ्ठी नसेल तर देत नाही. आणि चिठ्ठी असली तरी विचारतो, "हृदयाची कुठली गोळी चालू आहे का, जिभेखाली ठेवायची?" लोक चिडतात, शेजारच्या दुकानात जातात. जाऊ द्या. पण काही जण थांबतात, आणि एकाने तर पिशवीतून मोनोनायट्रेटची स्ट्रिप काढून दाखवली, म्हणाला ही बीपीची आहे ना? त्याला मी परत डॉक्टरकडे पाठवलं.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. माझ्याकडे एक बाप येतो, त्याच्या लहान मुलीला फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिन्यांचा दाब वाढलेला आहे, पल्मनरी हायपरटेन्शन. तिच्या औषधात सिल्डेनाफिलच आहे, कमी ताकदीची. पहिल्यांदा आला तेव्हा आधीच्या दुकानात त्याच्याकडे बघून लोक हसले होते, तो जवळजवळ रडायला आला होता. औषध आहे हो ते. हसण्यासारखं त्यात काय आहे?

रसायन_मास्तर

मेडिकलवाले भाऊ, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं, कोणीतरी हे लिहायला हवं होतं.

मी शाळेत केमिस्ट्री शिकवायचो, थोडा इतिहास सांगतो कारण तो या धाग्याशी अगदी जुळतो. सिल्डेनाफिल मुळात हृदयासाठीच बनवलं होतं. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सँडविच नावाचं गाव आहे, तिथल्या फायझरच्या प्रयोगशाळेत अंजायनावर औषध शोधायचं काम चाललं होतं. १९९० नंतरच्या चाचण्यांत छातीच्या दुखण्यावर फारसा उपयोग दिसला नाही, पण औषध घेणाऱ्या पुरुषांनी वेगळाच परिणाम कळवला, आणि कंपनीने दिशाच बदलली. २७ मार्च १९९८ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, मान्यता दिली. त्याच वर्षीचं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना मिळालं, कशासाठी, तर नायट्रिक ऑक्साइड शरीरात निरोप्याचं काम करतं हे दाखवल्याबद्दल. आणि ज्यांच्या नावाचं बक्षीस ते आल्फ्रेड नोबेल नायट्रोग्लिसरिनपासून डायनामाइट बनवून श्रीमंत झाले, त्यांना म्हातारपणी हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिनच लिहून दिलं होतं. म्हणजे एक गोळी अंजायनाची, दुसरी अंजायनासाठी निघालेली, दोघींचा रस्ता एकच, म्हणून तर टक्कर होते.

वैद्यबुवा_छावणी

या सगळ्या केमिकलपेक्षा आपली जडीबुटी काय वाईट? शिलाजित, अश्वगंधा, सफेद मुसळी, शेकडो वर्षं लोक घेतायत, काही साइड इफेक्ट नाही. एक तासात गुण येणारं चूर्ण माझ्या माहितीत आहे, कुणाला हवं असेल तर

(संपादक: जाहिरात आणि फोन नंबर काढून टाकले आहेत. या धाग्यावर कुठल्याही औषधाची विक्री चालणार नाही, पुन्हा झाल्यास खातं बंद होईल.)

पलासियाचा_डॉक्टर

संपादकांचे आभार. वैद्यबुवा, आयुर्वेदाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो माझा विषय नाही. पण "एक तासात गुण" हे शब्द वाचले की माझ्या पोटात गोळा येतो. वनस्पतीचं चूर्ण असं तासाभरात काम करत नाही. तसं करत असेल तर त्यात सिल्डेनाफिल कुटून घातलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अमेरिकेत २००७ ते २०१६ या काळात एफडीएच्या यादीत अशी ७७६ सप्लिमेंट आली ज्यांत न सांगता औषध मिसळलेलं होतं, त्यांत सगळ्यात मोठा गट लैंगिक ताकदीच्या "नैसर्गिक" गोळ्यांचा, आणि त्या गोळ्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं औषध सिल्डेनाफिल. आपल्याकडे रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेल्या दवाखान्यात किती मिसळलंय, मोजणार कोण? अशा माणसाला कॅज्युअल्टीत विचारलं तर तो शपथेवर सांगेल, मी फक्त जडीबुटी घेतो. आणि आम्ही नायट्रेट देऊ. म्हणून चूर्ण असो, भस्म असो, ऑनलाइन मागवलेलं कॅप्सूल असो, ताकदीसाठी जे काही घेतलं असेल ते सांगा.

सुदामानगरची_ताई

आता बसले लिहायला. आमच्या ह्यांची बायपास झाली तेव्हा ते पन्नाशीत होते. ऑपरेशन चांगलं झालं, घरी आलो, सगळे नातेवाईक भेटून गेले, खाण्यापिण्याचा तक्ता फ्रिजवर लागला, चालायचं किती, जिना कधी चढायचा, गाडी कधी चालवायची सगळं डॉक्टरांनी सांगितलं. नवरा-बायकोचं जवळ येणं कधी, याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. आणि हे हॉलमध्ये झोपायला लागले. म्हणायचे टीव्ही बघता बघता डोळा लागतो. मला कळत होतं की भीती वाटतेय, काही झालं तर? मलाही वाटत होती. महिनोन्महिने आम्ही दोघं एकमेकांपासून हे लपवत होतो आणि चिडचिड भाजीच्या मिठावर निघत होती.

शेवटी फॉलोअपला गेलो तेव्हा मी ह्यांना ईसीजीच्या खोलीत जाऊ दिलं आणि डॉक्टरांना सरळ विचारलं. ते गृहस्थ खरंच भले, अजिबात अवघडले नाहीत. म्हणाले वहिनी, दोन जिने नेहमीच्या चालीने चढून दम लागत नसेल, छातीत दुखत नसेल तर घरच्या माणसाबरोबर तेवढा श्रम हृदयाला झेपतो. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची तपासणी, करून घेतली, चांगली आली. मग ह्यांनी मान खाली घालूनच गोळीबद्दल विचारलं, तर डॉक्टरांनी फाइल उलटली आणि म्हणाले तुम्हाला मोनोनायट्रेट चालू आहे, ती चालू असेपर्यंत ही गोळी अजिबात नाही. पुढे तपासण्या बघून त्यांनीच ती नायट्रेट हळूहळू बंद केली, मग काही काळ गेल्यावर कमी डोसची गोळी स्वतःच्या हाताने लिहून दिली. आम्ही न विचारता मेडिकलमधून आणली असती तर?

बायकांना सांगते, तुम्ही विचारा. त्यांना नाही जमत.

जुनं_इंदूर

ताई, मघाशी जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या मोठ्या भावालाही बायपास झालीय, त्याला आणि वहिनींना हे वाचायला पाठवतो.

खंडवारोड

मी ४४ वर्षांचा. वर्षभरापासून त्रास होता, ताठरता येऊन मध्येच जायची. मी गोळी मागायला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं. मला राग आला, म्हटलं मी काय विचारतोय आणि हे काय करून राहिले. रिपोर्ट आला तर एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ९ च्या वर, कोलेस्टेरॉल वाढलेलं, बीपी १५० च्या पुढे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, अंगाने चांगला धडधाकट, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात बारापर्यंत खाणारा माणूस. डॉक्टर म्हणाले तुझ्या हृदयाने आधी खालून निरोप पाठवलाय. डॉक्टरसाहेब, असं खरंच असतं का, की मला घाबरवायला म्हणाले?

पलासियाचा_डॉक्टर

खंडवारोड, तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. अगदी खरं आहे ते, आणि या धाग्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

लिंगाच्या रक्तवाहिन्यांचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या कोरोनरींचा ३ ते ४. साखर, चरबी, तंबाखू, बीपी यांनी सगळ्याच वाहिन्यांचं अस्तर खराब होतं, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून बऱ्याच पुरुषांत ताठरतेचा त्रास आधी येतो आणि छातीत दुखणं त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी. तेवढी वर्षं हातात मिळतात. त्या काळात शुगर आटोक्यात आणली, कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन चालू केलं, तंबाखू सुटला, वजन उतरलं तर पुढचा अटॅक टळू शकतो. आणि तो माणूस त्या काळात काय करतो? लाजून मेडिकलवरून गोळी आणतो. गोळी काम करते, त्याला वाटतं बरं झालो, आणि निरोप तिथेच विरून जातो.

सगळ्यांनाच हृदयाचं असतं असं नाही. डिप्रेशन, हार्मोन, मधुमेहाने खराब झालेल्या नसा, प्रोस्टेटचं ऑपरेशन, काही औषधं, कारणं पुष्कळ आहेत. पण चाळिशीच्या पुढे नव्याने त्रास सुरू झाला तर बीपी, शुगर, लिपिड आणि ईसीजी हे झालंच पाहिजे. आणि कुणाला वाटत असेल मी एकटाच, तर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी झाली होती, १९९४ साली छापली, त्यात ५२ टक्क्यांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होता.

टिळकनगरचा_बाळू

माझी बीपीची अटेनोलॉल चालू होती, नेटवर वाचलं की तिच्यामुळेच ताठरतेचा त्रास होतो म्हणून आठवड्यापूर्वी बंद करून टाकलीय. ठीक आहे ना? आता बीपीची टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन आहे फक्त. यांच्याबरोबर ती गोळी चालते का?

पलासियाचा_डॉक्टर

बाळूभाऊ, अटेनोलॉल अशी झटक्यात बंद करायची नसते, नाडी आणि बीपी उसळतं, आधीच हृदयाचा त्रास असेल तर अटॅकसुद्धा येऊ शकतो. उद्या सकाळी ज्यांनी लिहून दिली त्यांना फोन करा, उद्याच. त्यांना कारण स्पष्ट सांगा. अटेनोलॉलसारख्या जुन्या बीटा ब्लॉकरने काहींना हा त्रास होतो हे खरं, पण त्याला पर्याय असतात, बदलून देतील.

टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिनबरोबर सहसा चालते, बीपी आणखी थोडं उतरतं एवढंच. पण बीपीच्या प्राझोसिन किंवा प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या चालू असतील तर उभं राहताना चक्कर येऊन पडायला होतं, तिथे डोस डॉक्टरनेच ठरवायचा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरची काही औषधं यांनी या गोळीचं रक्तातलं प्रमाण चढतं. आणि ज्यांचं बीपी १७० च्या वर नाहीतर ९० च्या खाली आहे, ज्यांना बसल्या जागी छातीत दुखतं, ज्यांना नुकताच अटॅक किंवा लकवा येऊन गेलाय, ज्यांचं हार्ट फेल्युअर बिघडलेलं आहे, त्यांनी गोळीही नाही आणि संबंधही नाही, आधी हृदयाचं बघायचं.

मल्हारगंजकर

डॉक्टरसाहेब, एक सरळ विचारतो. गोळी घेतलेली आहे आणि छातीत दुखायला लागलं, तर घरी त्या क्षणी काय करायचं?

पलासियाचा_डॉक्टर

जे काही चाललंय ते थांबवायचं, बसायचं किंवा आडवं व्हायचं. १०८ ला फोन. सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, कुणी दिली तरी नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सरमधून रक्त वगैरे जात नसेल तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला हरकत नाही, तिचं या गोळीशी भांडण नाही. आणि ॲम्ब्युलन्समध्ये जो पहिला माणूस भेटेल त्याला गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ सांगायची. स्ट्रिप असेल तर सोबत. बोलणं जमत नसेल तर मोबाइलवर टाइप करून दाखवा. आमच्याकडे नायट्रेट सोडून बरीच औषधं असतात, अँजिओप्लास्टीही होते, गोळी घेतली म्हणून उपचार अडत नाहीत. आम्हाला फक्त कळलं पाहिजे. कॅज्युअल्टीत आम्ही रोज शेकडो गोष्टी ऐकतो, या गोळीचं नाव ऐकून कुणी भुवई उचलत नाही.

सयाजीगंज

बडोद्याहून लिहितेय. धागा रात्री वाचला आणि बाबांच्या गोळ्या काढून बघितल्या. बाबा ६८. त्यांना प्रोस्टेटसाठी यूरोलॉजिस्टनी रोज रात्रीची एक गोळी दिलीय, त्यावर टॅम्सुलोसिन आणि टॅडालाफिल ५ असं लिहिलंय. आणि गेल्या वर्षी कार्डिओलॉजिस्टनी "दुखलं तर जिभेखाली" म्हणून सॉर्बिट्रेट लिहून दिली, ती पाकिटात आहे. दोघांच्या फाइली वेगवेगळ्या. ही तीच टॅडालाफिल का? बाबांना ती "लघवीची गोळी" एवढंच माहीत आहे.

पलासियाचा_डॉक्टर

हो, तीच. ५ मिलिग्रॅम रोज, प्रोस्टेटसाठी ती मान्यताप्राप्त आहे आणि उपयोगीही आहे. पण रोज घेतली की ४८ तास कधी उलटतच नाहीत, बाबा कायमच त्या धोक्याच्या वेळेत आहेत. आज रात्रीची ती गोळी देऊ नका आणि सकाळी दोन्ही डॉक्टरांना फोन करा, दोघांना दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो पाठवा. यूरोलॉजिस्ट दुसरं काहीतरी देतील. हृदयाची कुठलीही गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. शेवटची टॅडालाफिल कधी घेतली ती तारीख आणि वेळ एका कागदावर लिहून सॉर्बिट्रेटच्याच पाकिटात ठेवा, आणि तिथून ४८ तास पूर्ण होईपर्यंत छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट न देता सरळ १०८.

सयाजीगंज

काल रात्री ९ ची घेतलीय, आजची अजून दिली नव्हती. कागद लिहून पाकिटात ठेवला, आईलाही वाचून दाखवला. सकाळी फोन करून इथे कळवते.

मेडिकलवाला_इंदूर

ताई, आणि ती चिठ्ठी गुजराती आणि इंग्रजीतसुद्धा लिहा, तिकडच्या ॲम्ब्युलन्सवाल्याला मराठी वाचता येईलच असं नाही.